अंगठ्याला गार लागलं

विभा,

तुझा फोन लागत नाही म्हणून लिहून ठेवतोय. मी गोमती नगरला डॉक्टरांकडे निघालोय. शेजारचे शुक्लाजी सोबत आहेत.

सकाळी फ्रीजमधून दही काढताना बर्फाचा तुकडा पायावर पडला आणि त्या जखमेच्या अंगठ्याला चक्क गार लागलं! साखरेच्या आजारामुळे त्याला काहीच कळेनासं झालं होतं. जखम झाली तीही मोज्याला रक्त लागल्यावर समजली. वाटलं, जखम भरावी म्हणून तू लॅबमधून आणून बांधलेली विजेची पट्टीच झिणझिण करत असेल. म्हणून तिचं बटण बंद केलं, दिवा विझू दिला आणि बर्फ पुन्हा लावला. तरी गार लागलं. मग डोळे मिटून शुक्लाजींना बर्फ लावायला सांगितलं.

"अब?"

"हाँ."

"और अब?"

"अब नहीं."

एकदाही चुकलो नाही.

जखम भरतेय म्हणून असं होतंय, की आत आणखी काही बिघडतंय? शुक्लाजी म्हणतात, मुबारक हो. मला मात्र घाम फुटलाय. उद्या हाच अंगठा कापून काढायचा ठरलाय. आता काढायचा की ठेवायचा, हे आजच विचारायला हवं.

पट्टी पुन्हा चालू केलीय. काल तिला खेळणं म्हणालो, ते मनावर घेऊ नकोस. भाजी ओट्यावर झाकून ठेवलीय, पण जेवायला थांबू नकोस. चिठ्ठी वाचलीस की थेट तिकडेच ये. डॉक्टर काय सांगतील ते सांगोत, मला ते एकट्याने ऐकायचं नाहीये.

बाबा