चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय चिमणे,

फोनवर तू ‘मजेत आहे’ म्हणून मला दोन मिनिटांत कटवतेस, म्हणून आज पत्र. हे मध्येच ठेवून देता यायचं नाही, बघ!

आमचा अभ्यास संपत आलाय. घरी आजारी माणसाचं करणाऱ्यांच्या मनावर किती ताण येतो, ते मोजायचं. मी आपली आकडेवाली: वीस प्रश्न, प्रत्येकापुढे खूण, शेवटी बेरीज. जोडीला एक मुलाखती घेणारी दिली होती. एकेका घरी दोन-दोन तास बसायची. मी तिला गप्पाष्टकवाली म्हणायचे. ज्यांची बेरीज जास्त त्यांच्याशीच बोल, शून्यवाल्यांपायी कशाला वेळ घालवतेस, असं बजावलंही होतं. पण हट्टात ती माझ्याही वरताण. शून्यवाल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे गेलीच. त्या सासूचं सगळं अंथरुणातच करतात. ‘रडू येतं का’ यापुढे त्यांनी ‘कधीच नाही’वर खूण केली होती. म्हणाल्या, मी रडत बसले तर त्यांना भरवणार कोण? आणि मग तासभर रडल्या. तिच्या टिपणात ते वाचलं आणि कुणीतरी माझा कान पिळल्यासारखं झालं.

आठवतं, छापण्याआधी तो फॉर्म मी तुझ्याकडूनच भरून घेतला होता? तुझा नवरा आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेला, गॅसवर दूध, आणि तू ओट्याशी उभ्या उभ्या सरसर खुणा केल्यास. कधीच नाही, कधीच नाही. वर मला चिडवलंस, असले प्रश्न रिकामटेकड्यांनाच सुचतात म्हणून. मी ऑफिसात मिरवलं, माझी बहीण कसली खंबीर!

काल तो कागद पुन्हा काढला. चौदावा प्रश्न आम्ही मुद्दाम उलटा घालतो, बाकी सगळीकडे ‘कधीच नाही’ला शून्य, इथे मात्र ‘नेहमी’ला: ‘उद्याची वाट पाहावीशी वाटते का?’ त्यापुढेही तुझी तीच खूण, कधीच नाही. तेव्हा मला वाटलं, घाईत हात चुकला. मीच लाल पेनाने खोडून ‘नेहमी’ केलं, नि तुझी बेरीज शून्यावर आणली. तुला विचारलंसुद्धा नाही गं. हात चुकला होता की तेवढं एकच उत्तर खरं होतं, हे मला कुठलाही आकडा सांगत नाही. कालपासून अन्न गोड लागत नाहीये.

शनिवारी सकाळी येतेय, पंधरा दिवसांची रजा टाकून. त्याचं औषधपाणी, अंग पुसणं मी बघेन. तू झोप, भांड, काहीही कर. फक्त चौदाव्याचं उत्तर मला तोंडी दे. या वेळी माझ्या हातात पेन नसेल.

तुझीच,
दीडशहाणी ताई