पिनेभोवतीचं पोतं

सानगडी, १२ नोव्हेंबर १९८३

आवाज नेमका कशाचा आहे? मला सांगता येत नाही. बी.एस्सी.ला फिजिक्स होतं, तरी नाही.

आपल्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडतात, तिथून येतो. ट्रॅक्टरचा हूक, ट्रॉलीच्या दांड्याची लोखंडी कडी, दोन्हींतून घातलेली पिन - एवढंच तर आहे. निघताना टण्. वळताना बारीक किर्र. धनीरामभाऊ सात वर्षं बाबांचा ट्रॅक्टर चालवतात. म्हणाले, "टण् जुनं आहे ताई. किर्र चार दिवसांचं. मालकाले इचारून साकोलीले नेतो, वेल्डिंगवाल्याले दाखवतो." पण धानाचे भारे शेतात पडलेत. बाबा सोडतील?

१३ नोव्हेंबर

सापडलं. पिन बारीक, कडीचं भोक मोठं. पिन आदळते, म्हणून आवाज. पोत्याचा तुकडा ग्रीसमध्ये भिजवून पिनेभोवती गच्च गुंडाळला. शेतापर्यंत जाऊन आलो - आवाज बंद!

धनीरामभाऊंचं तोंड मात्र उतरलेलं. "काढा जी ते. मी ट्रॉलीच्या आवाजावरच चालवतो. आता मले काहीच आयकू येऊन नाही राहिलं." मी हसले. आवाज गेला म्हणजे दोष गेला, आता साकोलीला कशाला, मी म्हटलं. घर्षणही समजावलं. साक्षरता वर्गात त्यांना बाराखडी समजावते, त्याच सुरात. "बरं ताई," म्हणाले. वर्गातही असंच म्हणतात.

१४ नोव्हेंबर

दिवसभर भारे वाहिले. ट्रॉली गप्प.

१६ नोव्हेंबर

तलावाच्या पाळीवर चढताना कडी तुटली. ट्रॉली मागे गेली, उलटली. शेवटची खेप म्हणून आमच्याकडे मजुरीला येणारी रंभाबाई भाऱ्यांवर बसून येत होती. उजवा हात कोपरापाशी मोडला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलंय.

मी पाळीवर जाऊन कडी पाहिली. तुटलेला भाग अर्धा चकचकीत, अर्धा गंजलेला. म्हणजे भेग जुनीच होती. किर्र तिचं होतं. मी तिचं तोंड बांधलं.

पिनेभोवती पोतं आता नव्हतं; कोणी पाहायच्या आत काढून घेतलेलं. धनीरामभाऊंच्या सदऱ्याच्या खिशाला ग्रीसचा डाग फुटला होता.

अंगणात बाबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हुकाकडं पाह्याचं काम कोनाचं, धनीराम? कानात बोळे घातले होते का?"

"आवाज आला नाही मालक."

खरंच बोलले. पुढचं मी बोलायचं होतं. "उद्यापासून येऊ नको," बाबा म्हणाले. मी दारात उभी होते. दारातच राहिले.

१९ नोव्हेंबर

वर्गाला कोणी आलं नाही. बरं वाटलं. बरं वाटल्याची लाज वाटली.

२१ नोव्हेंबर

धनीरामभाऊंच्या घरी गेले. त्यांची बायको बेबीबाई अंगण सारवत होती. मान वर न करता म्हणाली, "दुसऱ्या ट्रॅक्टरवर बी कोनी घेऊन नाही राहिलं. यानं बाई पाडली म्हनतेत."

मी सांगते सगळ्यांना, म्हटलं. धनीरामभाऊ घाईनं म्हणाले, "नका जी. गावात तुमी एकच पोरगी एवढं शिकल्या. उद्या कोन आपली पोरगी कॉलेजात धाडन?"

माझ्या शिकण्याची अब्रू ते राखत होते. आणि मला ते सोयीचं वाटलं. वाटेत तेवढ्यापुरती मी हलकीसुद्धा झाले. हे इथेच लिहू शकते.

२३ नोव्हेंबर

बाबांना सांगितलं. ते सुपारी कातरत राहिले.

"कोनाकोनाले सांगतलं?"

"कोणालाच नाही."

"मंग रायू दे. रंभाबाईचं औषधपानी आपन करू. धनीरामचं पाहू पुढं."

आई म्हणाली, "तुयं लग्न व्हाचं आहे वं अजून."

मी जेवले. दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

२६ नोव्हेंबर

आज बाजार होता. लोहाराच्या भात्यापाशी ट्रॅक्टरवाले बसतात, मालकही, ड्रायव्हरही. बाबाही होते. तिथे उभी राहून सांगितलं - पोतं मी बांधलं, साकोलीला जायची गरज नाही मीच म्हटलं, धनीरामभाऊ काढा म्हणत होते. बाबा उठून गेले.

तिथून तशीच रंभाबाईकडे गेले. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. तिनं बस म्हटलं नाही. उभ्यानंच तिलाही सगळं सांगितलं.