मल्हाररावांचे मांडे

॥ श्री ॥
जेलरोड, नाशिकरोड
२२ जानेवारी १९९८

चि. सौ. सुलास ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

अक्षर परकं पाहून घाबरू नकोस. उजवा हात गळ्यात बांधलाय, म्हणून मी सांगते आणि हे लिहितात. न्हाणीघरात पाय घसरला तेव्हा खांद्यातला स्नायू फाटला होता, तो डॉक्टरांनी शिवला. सोमवारी घरी आले. (आल्या आल्या आधी डब्यांची झाकणं तपासली. — लेखनिक)

दवाखान्यात गंमत झाली. दाखल करून घेणाऱ्या मुलीने नवऱ्याचं नाव विचारलं आणि हे नेमके औषधं आणायला गेलेले. लग्नापासून कधी नाव घेतलं नाही, उखाण्यातही टाळलं, ते तिथे कसं घेणार? म्हटलं, बाई गं, जेजुरीच्या देवाचं नाव तेच यांचं. तिने बिनदिक्कत मल्हारराव लिहिलं. (सोडायच्या दिवशी मी सही केली तर विचारतात, हे खंडेराव कोण, पेशंटचे मिस्टर कुठे आहेत. मी म्हटलं, मीही त्यांनाच शोधतोय.)

आता मुद्द्याचं. तुझ्या तृप्तीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी व्याह्यांना मांड्यांचं जेवण मी घालीन, असा शब्द मी तिच्या सासूबाईंना दिलाय. डॉक्टर म्हणतात, सहा महिने हाताला झटका नको. मांडा म्हणजे तर सगळा झटकाच. पुरणाची पोळी दोन्ही हातांवर खेळवत पसरायची आणि पालथ्या खापरावर टाकायची. लग्न मे महिन्यात. तरी मी शब्द मागे घेत नाही. आईची ही कला माझ्या हातात आलीय, ती मजुरीच्या हातांवर सोडणार नाही. (लेखनिकाला मत नसतं, म्हणून गप्प आहे.)

पोरांना पापा. माया आहेच, ती पत्रातूनही दिसू दे.

तुझी,
सौ. वत्सला


वणी
८ फेब्रुवारी १९९८

ती. सौ. ताईस, सुलाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग मल्हाररावांपाशी आले आणि हसत सुटले. इथे द्राक्षांची तोडणी चालू आहे, नाहीतर तुझ्याकडे येऊन राहिले असते. तृप्ती म्हणते, मला मांडे नकोत, मावशीचा हात बरा होऊ दे. पोर मनापासून बोलते, पण तिच्या सासूबाईंनी सगळ्या भावकीला सांगून ठेवलंय की नाशिकची मावशी मांडे करणार. त्या दिवशी साधी पोळी वाढली तर पोरीला जन्मभर ऐकावं लागेल. तुलाही ते खपायचं नाही, हे मी ओळखून आहे.

सटाण्याच्या नवसाबाई लग्नांतून मांडे करतात. त्यांनी आपल्यासाठी तो दिवस राखलाय. होळीपर्यंत हो म्हण. तू लहानपणापासून हट्टी, पण खांदा हट्टाने सांधत नाही गं.

मल्हाररावांना शि. सा. न. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी उत्तर धाड.

तुझी,
सुला


नाशिकरोड
२९ मार्च १९९८

चि. सौ. सुलाताईंस खंडेरावाचे आशीर्वाद, वि. वि.

तुमची ताई दुपारची झोपलीय, म्हणून हे पत्र फक्त माझं. तिने तुम्हाला फोनवर मोघम सांगितलं की मांडे घरचेच होतील. ते कोण करणार, हे मी सांगतो.

दारावर मी विहिरीची कप्पी बसवलीय. दोरीची टोकं धरून ती डाव्या हाताने उजवा हात वर ओढते. मग भिंतीवर बोटांनी चढते; काल खिडकीच्या कडीपर्यंत गेली. दुखतं फार, पण ओठ दाबून धरते, हूं की चूं नाही. मला तिचा अभिमान वाटतो. तोंडावर सांगितलं तर म्हणेल, आधी भाजी चिरा.

तिला एकटं वाटू नये म्हणून मीही शेजारी उभा राहून व्यायाम करायचो. एकदा ओला पंचा हातांवर घेऊन मांड्याची नक्कल केली. वाटलं, हसेल. तर म्हणाली, कोपर वर घ्या. तेव्हापासून शिकवणी चालू आहे. ती खुर्चीत बसून सांगते, मी चुलीपाशी उभा. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात सगळी नोकरी बॉयलरसमोर काढली, तेव्हा खापराच्या धगीचं काही नाही. पण पीठ माझं ऐकत नव्हतं. सुरुवातीचे मांडे इतके फाटले की गल्लीतली कुत्रीसुद्धा कंटाळली. आता बरे पडतात. वत्सला पहिला मांडा उजेडासमोर धरते आणि काही बोलत नाही, म्हणजे जमला.

पुरुषमाणूस खापरावर पाहून बायका हसतील, त्याची मला फिकीर नाही. पण ऐनवेळी फाटला तर नाव तिचं जाईल, आणि ती हे आयुष्यभर मनाला लावून घेईल. म्हणून नवसाबाईंना पाहुणी म्हणून बोलवा, माझ्या जवळपास बसवा. हिला कळू देऊ नका.

असंच आम्हाला आपलं म्हणत राहा.

आपला,
खंडेराव


वणी
१९ मे १९९८

ती. दाजींना सुलाचा शि. सा. न. वि. वि.

लग्न पार पडलं, तृप्ती सासरी रमलीय. पण आदल्या दिवशी पंगतीच्या वेळी तुम्ही मागे चुलीपाशी होतात, म्हणून मंडपात काय घडलं ते तुम्हाला ठाऊक नाही. ताई सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

नवसाबाई पदर खोचून तुमच्याजवळ बसल्या होत्या ना? थोड्या वेळाने त्या पंगतीत येऊन बसल्या. म्हणाल्या, पुरुषमाणूस खापरावर नाय पाह्यला कधी, पण माझं तिथे काही काम नाय, मला जेवायला वाढा.

तेवढ्यात विहीणबाईंनी मांडा हातात धरला आणि ताईचं कौतुक सुरू केलं. खांद्याचं एवढं दुखणं काढून असे मांडे, नाशिकचा हातच वेगळा, वगैरे. ताईने नुसती मान हलवली असती तर कोणाला कळलं नसतं. पण ती उठून उभी राहिली. म्हणाली, माझा हात अजून डोक्याच्या वर जात नाही, हे मांडे माझ्या यजमानांनी केलेत. कोणीतरी थट्टेने म्हणालं, मग होऊ द्या उखाणा. ताई म्हणाली, उखाण्याची गरज नाही, आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं तुमचं नाव घेतलं. खंडेराव देवरे. अडखळली नाही, लाजलीही नाही. मी तूप वाढत होते, ते तसंच राहिलं.

दाजी, मला तुम्हा दोघांचा फार अभिमान वाटतो. या मेव्हणीवरची कृपा पातळ होऊ देऊ नका.

आपली,
सुला


॥ श्री ॥
नाशिकरोड
७ जून १९९८

चि. सौ. सुलास अनेक आशीर्वाद, वि. वि.

अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे. आज लेखनिकाला सुट्टी.

तू यांना ते सगळं लिहायला नको होतंस. तुझं पत्र खिशात घालून फिरतात. दूध आणायला जातात आणि शेजाऱ्यांकडे अर्धा तास लावून येतात. मी विचारलं तर म्हणतात, मल्हाररावांची तब्येत विचारत होते सगळे.

काल दवाखान्यात दाखवून आले. हात वरच्या फळीवरच्या डब्यापर्यंत पोचतो म्हणून डॉक्टर खूश झाले. निघताना मी दाखल करून घेणाऱ्या त्याच मुलीपाशी गेले आणि सांगितलं, बाई, माझ्या कागदावर चुकीचा नवरा लागलाय, तो बदल. तिने विचारलं, काय लिहू? हे शेजारीच उभे होते, सांगायला तोंड उघडलं होतं. मी त्यांना थांबवलं आणि मीच सांगितलं. त्यानंतर घरी येईपर्यंत हे रिक्षात नुसते रस्त्याकडे बघत बसले.

दिवाळीला ये. मांडे आम्ही दोघं मिळून करू. त्यांचं कोपर अजून खाली पडतं, ते मी बघून घेईन. तोवर आठवण राहू दे, बाकी सगळं भेटीत.

तुझी ताई,
सौ. वत्सला खंडेराव देवरे