दरवर्षीची शेवटची सहल

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अडुसष्ट, धंदा कुलूप-किल्लीचा, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवत आहे. शुद्धीबद्दल आमच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना ते म्हणाले, "शुद्धीवर आहात. पण ती पावाची गाडी अजून चालवता, म्हणून जरा शंका येते." माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. पत्नी शेजारी बसली आहे, पण ती शब्दकोडे सोडवते आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मेव्हण्याने लिहून दिले होते आणि त्यात त्याचेच नाव जरा जास्त वेळा आले होते.

१. माझ्या मागे पत्नी आणि दोन मुले. थोरली दातांच्या कवळ्या बनवते. धाकटा इस्पितळात आचारी आहे. दोघांनी तिशी ओलांडून बरीच वर्षे झाली तरी गेल्या वर्षापर्यंत ती आमच्याजवळच राहत होती. ती का राहिली, हे कळल्याशिवाय पुढची वाटणी कळणार नाही, म्हणून सांगतो.

थोरली दहा वर्षांची असताना शेजारचे भूगोलाचे मास्तर किल्ली आत विसरून दाराबाहेर अडकले. मी कुलूप उघडत बसलो, तर ते डोक्यावर उभे राहून मला म्हणाले, "मुलांना फिरवता की नाही कुठे?"

"दुकान असतं हो."

"असू द्या दुकान. मुलं शाळेत आहेत तोवर जे फिराल तेवढंच तुमचं. एकदा घराबाहेर पडली, की संपलं!"

हे ऐकताच माझ्या हातून हत्यार कुलपात मोडले. दार तोडावे लागले. मास्तर आजही तेवढेच सांगत फिरतात. त्यांनी मला काय ऐकवले, ते मात्र सांगत नाहीत.

मी हाय खाल्ली आणि बेकरीवाल्याची जुनी गाडी विकत घेतली. तिच्यावर 'ताजा पाव' अशी मोठी अक्षरे होती, ती खरवडूनही गेली नाहीत. त्या गाडीतून आम्ही डोंगर पाहिले, धबधबे पाहिले, एक गुहा पाहिली. धाकट्याला प्रत्येक वळणावर उलटी व्हायची आणि थोरलीला त्याच्याकडे पाहून. मेव्हणा न बोलावता यायचा आणि "मला मागे मळमळतं" म्हणत पुढची जागा अडवायचा. एका किनाऱ्यावरच्या गावात आम्ही गाडी लावली, तर मागे लोकांची रांग लागली. आम्ही पोहून परत येईपर्यंत मेव्हण्याने आमचे दुपारचे जेवण लोकांना विकले होते. वर म्हणतो, "दाजी, उद्या जास्त आणू."

थोरलीची शाळा संपली, तेव्हा मी समुद्रकाठी सगळ्यांना उभे करून भाषण केले. म्हटले, "मुलांनो, ही आपली शेवटची सहल." मग मी इतका ओक्साबोक्शी रडलो, की किनाऱ्यावरचा जीवरक्षक धावत आला आणि कोण बुडाले म्हणून विचारू लागला. निरोपाची भेट म्हणून मी थोरलीला नवी सूटकेस दिली.

तिने आमच्याच गल्लीच्या टोकाला असलेल्या कॉलेजात नाव घातले.

मग पुढल्या वर्षी पुन्हा शेवटची सहल, पुन्हा भाषण, पुन्हा सूटकेस. नंतर धाकट्याची शेवटची सहल. मग तिला नोकरी लागेल म्हणून, मग त्याला लागेल म्हणून. माळ्यावर सूटकेसा मावेनात. मूल काही हलेना.

गेल्या वर्षी एका लॉजवर जेवताना मी भाषणासाठी उठतच होतो, तेवढ्यात पत्नीने चमचा खाली ठेवला. "आधी मला एक सांगा, तुम्ही दोघं जाणार कधी?"

थोरली ताटाकडे बघत म्हणाली, "आई, मला तीनदा बाहेरगावी नोकरी आली होती. पण बाबा नुसत्या सहलीत एवढे रडतात. म्हटलं, खरंच गेले तर यांचं काही खरं नाही."

"आणि ताईला सोडून मी कसा जाऊ?" धाकटा म्हणाला. "बाबांना एकट्याने आवरायचं म्हणजे चेष्टा आहे का?"

मी म्हटले, "अरे, तुम्ही जाणार म्हणून तर मी रडत होतो!"

"आणि तुम्ही रडता म्हणून आम्ही जात नव्हतो!"

"मला आपलं वाटायचं," पत्नी म्हणाली, "याला स्वयंपाक येत नाही म्हणून राहिलाय."

"आई, मी आचारी आहे."

सगळे हसले. मीही हसलो. पण त्या तीन नोकऱ्यांतली एक थोरलीला फार आवडली होती, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होते.

घरी परतताना पत्नीने निकाल दिला, "मुलं जात नाहीत ना? मग आपण जाऊ." महिन्याभरात आम्ही लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. थोरली दारात आडवी आली. "आई, या वयात घर सोडून? लोक काय म्हणतील?" पत्नी म्हणाली, "तुमच्याबद्दल म्हणून म्हणून दमलेत ते. होऊ दे जरा बदल."

२. माझे स्वकष्टार्जित घर दोन्ही मुलांना समसमान. पत्नीला तेथे आजन्म राहण्याचा हक्क मी देऊ केला होता. तिने शब्दकोड्यातून मान वर न काढता तो नाकारला.

३. बँकेतील सर्व शिल्लक पत्नीची. तिचे ती काय करणार आहे, हे विचारण्याची माझी छाती नाही.

४. दुकानातील किल्ल्या कापण्याचे यंत्र आणि सर्व कानशी थोरलीला. बारीक कानस तिने आधीच पळवली असून ती कवळ्या घासायला वापरते, हे मला माहीत आहे.

५. पावाची गाडी धाकट्याला. तिची पुढची सीट मात्र खोलून मेव्हण्याच्या घरी पोहोचवावी. इतकी वर्षे ती त्याचीच होती. मागणी केल्यास पट्टाही द्यावा.

६. सहलींचा तंबू भूगोलाच्या मास्तरांना. त्यांनी त्यात एकदा तरी सहकुटुंब झोपून दाखवावे. तंबूला कुलूप नाही, तेव्हा काळजी नसावी.

७. सूटकेसा वाटून घ्याव्यात. एक कमी भरेल. ती घेऊन थोरली मागच्या महिन्यात बाहेरगावी नोकरीला गेली. मी स्टँडवर गेलो होतो. मी काय केले, ते येथे नोंदवण्याची गरज नाही. स्टँडवर सगळ्यांनी पाहिले आहे. पण बस सुटली आणि ती बसमध्ये होती.

८. माझे अंत्यविधी साधेपणाने करावेत. थोरलीची नोकरी नवी आहे. सुट्टी मिळत नसेल तर तिने साहेबांशी भांडू नये, हातातल्या कवळ्या पुऱ्या करून, खिडकीची जागा बघून सावकाश यावे. मी तिथेच असेन.

वरील मजकूर वाचून पाहिला, पत्नीला वाचून दाखवला. तिने दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि बाकी बरोबर असल्याचे सांगितले. म्हणून सही करत आहे.

सही: (कुलूपवाले)

आमच्यासमक्ष सही झाली:
१. लाँड्रीच्या मालकीणबाई (इस्त्री बंद करून वर आल्या)
२. आमचे डॉक्टर (शंका कायम ठेवून)

ठिकाण: लाँड्रीच्या वरची पुढची खोली
दिनांक: चार फेब्रुवारी, मंगळवार