वेगळं ताट

१२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. वहिनीचा खोकला गेला का? इकडे बाबांचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा बाबा जास्त कुरकुरतात.

तू टोमणा मारलास, "जगाला शहाणपण शिकवतेस आणि घरातल्या म्हाताऱ्याला एक बटाटा खायला लावता येत नाही." खरंच होतं रे. आमच्या केंद्रात मसाल्यांवर, बटाट्यांवर किरण सोडतात. कीड मरते, कोंब फुटत नाहीत. लोक घाबरतात, म्हणून बघायला येणाऱ्यांना समजावून सांगायचं माझं काम. येताना नाकं मुरडतात आणि जाताना बटाटे मागून नेतात. बाबा मात्र मी आणलेलं सगळं दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकायचे. मी चिडायचे. एकदा तर "तुम्ही अडाणी आहात" इथपर्यंत गेले.

गेल्या शनिवारी बघायला आलेल्या लोकांत मागे बाबा उभे! इस्त्रीचा शर्ट घालून, मला न सांगता. तरी मी नेहमीचंच बोलले. किरण आरपार जातात, मागे काही उरत नाही. दिव्याखाली ठेवलेली वाटी दिवा विझल्यावर उजेड देते का? लोक हसले. एका बाईंनी विचारलं, "आणि दवाखान्यात किरण देतात त्याचं काय हो? तो माणूस घरी आल्यावर?"

मी सवयीनं म्हणून गेले, "बाहेरून मशीनचे किरण दिले असतील तर काही भीती नाही. शेजारी बसा, एका ताटात जेवा, लेकरू कुशीत दिलं तरी चालतं."

बोलले आणि मागे बघितलं. बाबा भिंतीला टेकले होते.

दादा, आईला कॅन्सरसाठी तेच मशीनचे किरण दिले होते. मागच्या खोलीत तिची खाट, वेगळं ताट, जेवण दाराशी ठेवायचं. आपण तिच्याशी बोलायचो ते बाहेरूनच. बाबांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. किरण म्हटल्यावर ते हबकले आणि आपल्याला जपायला त्यांनीच हे सगळं ठरवलं. बटाटा चालतो असं मानलं, की तिला उगाच एकटं ठेवलं हेही मानावं लागलं असतं. मला मेलीला हे इतकी वर्षं सुचलं नाही.

आता बाबा सगळं खातात. मी वाढेन ते, मुकाट्यानं. मला बघवत नाही.

काल चहा पिताना एकदम म्हणाले, "ती म्हणायची, जरा जवळ बसा. मी म्हणायचो, पोरं लहान आहेत." आणि रडले. आई गेली तेव्हाही असे रडले नव्हते. मी पाठीवरून हात फिरवत राहिले, दुसरं काय करणार?

तू एकदा गुपचूप तिच्या पांघरुणात शिरून झोपलास, आठवतं? बाबांनी ओढून काढलं, बदडलं, तुझा शर्ट जाळला. त्यानंतर तू त्यांच्याशी धड बोललाच नाहीस.

त्यांना स्वतःच लिहायचं होतं. कागद घेऊन बसले, उठले, परत बसले. शेवटी मला म्हणाले, "त्याला लिही, या घरात तू एकटाच तिच्याजवळ गेलास. तेवढं तरी तिला मिळालं."

लवकर ये रे. समजावू नकोस त्यांना काही, नुसता शेजारी बस.

तुझीच,
बाबांचं सगळं ऐकणारी
चिमी