आईने विचारेपर्यंत

प्रिय निखिल,

आज सिमरनचा पुन्हा फोन आला. मी उचलला नाही, म्हणून तुला लिहायला बसले. अपघातात ती तुझ्या शेजारच्या सीटवर होती. शेवटी तू मराठीत काहीतरी बोललास. तिला अर्थ कळला नाही, नुसते आवाज पाठ करून ठेवले आहेत. फोन उचलत नाही म्हणून तिने मेसेज केला, "आंटी, प्लीज, मैं भूल जाऊँगी."

बाबा म्हणतात, "ऐकून घे एकदा. पोरीचं ओझं तरी उतरेल." आणि माझ्यावर चढेल त्याचं काय?

इकडे हिंदी मुलखात वाढलास तू. लहानपणी फोनवर म्हणाला होतास, "आई, मी मेट्रो स्टेशनवर तुझी वाट लावतो." मी येऊन आधी तुझीच वाट लावली, मग वाट पाहणं शिकवलं.

पुढे तू कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टीम शिकवायला लागलास. जेवताना मी विचारलं, "ती करते काय? साध्या मराठीत सांग."

"सोसायटीची सेक्रेटरी आहे ती. बिल्कुल तुझ्यासारखी. प्रोसेसर एक, प्रोग्राम ढीगभर. प्रत्येकाला क्षणभर पाळी देते आणि उठवते. इतकं भराभर, की प्रत्येकाला वाटतं मशीन आपलंच. दुसऱ्याच्या मेमरीत पाय ठेवू देत नाही."

मग तुझा तो झोंबी निघाला. एक प्रोग्राम दुसऱ्याला जन्म देतो. तो संपला की सिस्टीम त्याची मेमरी, फायली, सगळं काढून घेते. फक्त शेवट कसा झाला एवढं जपून ठेवते, जन्म देणाऱ्याने येऊन विचारेपर्यंत. तोवर तो मेलेला, पण गेलेला नाही.

"मग मारून टाका," मी म्हटलं.

"मेलेल्याला काय मारणार, आई? आईनेच विचारायचं असतं. त्या विचारण्याला 'वेट'च म्हणतात. कर आता मराठी."

"भात गार होतोय," मी म्हटलं.

कॉलेजने लॅपटॉप परत नेला. सिमकार्ड बंद झालं. तुझी खोली बाबांनी रिकामी केली. तरी घरात तुझं नाव निघालं की मी उठून जाते. एवढं जगाला शिकवायचास, बेल्ट लावायला काय झालं होतं रे?

रविवारी सिमरनला घरी बोलावते. तिचं बोलणं मध्येच तोडणार नाही. आणि तू जे बोललास ते मराठी चुकलेलं असलं, तरी दुरुस्त करणार नाही. वचन देते.

तुझी,
आई