बिनऔषधाच्या चार ओळी

कळंब,
सोमवार, १० नोव्हेंबर

सोनल,

फोन उचलायचा न्हाय, उचलला तर "मावशी, मीटिंगमध्ये आहे", बोलून पाठवलेलं ऐकायचं न्हाय. मी धाडलेली पानांची पेटी मात्र पोचल्या पोचल्या उघडतीस. म्हणून ही चिठ्ठी तुझ्या रोगट पानांवरच ठेवलीय. आधी ही वाच, मग ठिपके मोज. आशीर्वाद मागनं बघू.

हिकडं सगळं बरं हाय. माझ्या द्राक्षाच्या बागेला घड चांगलं निघालंत, तुझ्या चार ओळी सोडून. तितं औषधाचा थेंब पडू द्यायचा न्हाय, रोग आपल्या चालीनं कसा वाढतो ते बघायचंय म्हणालीस. वाढला. दावण्या रोगानं पानं पिवळी, घड कुजलं. शेजारी हसत्यात, "बानूबाई, औंदा रोगाचं पीक जोरात!" मी म्हणते, पोरीचं शिक्षाण हाय.

तुझी आई पण बरीच म्हणायची.

न्हाय. सरळच लिहिते. छाटणीपास्नं पाऊस. बिरूचा फवारणीचा ट्रॅक्टर निघाला की तुझी आई त्या ओळींच्या तोंडाला चिखलात उभी. "माझ्या सोनीच्या वेलींवर उडवू नगंस रं!" तो म्हणायचा, "आक्का, ठावं हाय मला, जावा घरी." जाईल तर शपथ. तितंच मांडवाची तार पायात घुसली. साखरेच्या दुखण्यानं बधिर झालेला पाय, तिला कळलंच न्हाय. मला वास आला तवा कळलं.

गेल्या खेपंला तू आलतीस. ती पायाला फडकं गुंडाळून बांधावर बसलेली. तिच्या शेजारीच वाकून तू पान बघितलंस, भिंग लावून.

दोन बोटं काळी पडलीत. बारामतीचा डॉक्टर म्हणतो, आता बोटं काढली तर पाय राहील. ही म्हणती, "सोनीचं काम फेब्रुवारीत उरकतंय, मग बघू. तवर राखण कोण करंल?" तुला कळवायचं न्हाय म्हणून माझ्याकडनं आण घेतली. मोडली मी.

राखायला ओळीच उरल्या न्हाईत तर बसंल कशाला बांधावर? आज सकाळी बिरूला म्हटलं, मार एका ओळीवर औषध. त्यो हात जोडाय लागला. मग मीच नळी धरली. तुझी आई त्याच पायानं पळत आडवी आली, लुगडं सगळं औषधानं भिजलं. म्हणली, "बाने, तू माझी वैरीण हायस."

ओळ मारून झाली, सोनल. धुऊन निघायची न्हाय.

तीन राहिल्यात. तू ये, तिच्या म्होरं उभी राहा आणि म्हण, आई, ऊठ, दवाखान्यात चल. माझं ऐकत न्हाय, तुझं ऐकंल. येणार का न्हाय, ते गुरुवारी दिवस मावळायच्या आत कळव. न्हायतर शुक्रवारी उजाडता तिन्ही ओळींवर नळी धरते, मग तुझ्या तीन वर्षांचं काय व्हायचं ते होऊ दे.

तुझ्या आईची वैरीण,
बानूमावशी